निवडणूक संपली, नागरिकत्व संपले काय?

निकाल लागला. विजयी उमेदवाराचा गुलाल उधळून झाला, पराभूताचे मंडप उतरले. आता आमच्या वस्त्यांतून दोन प्रकारची माणसे दिसू लागली आहेत. एक म्हणतो, 'आपला माणूस निवडून आला. आता तो बघून घेईल.' दुसरा म्हणतो, 'आपण हरलो. आता पाच वर्षे काही होणे नाही.' पहिला निर्धास्त झोपतो. दुसऱ्यास झोपच येत नाही. तो रात्र रात्र मोबाईलवर त्याच भांडणात जागतो, अन्न टाकतो, सख्ख्या भावाशी अबोला धरतो आणि कित्येकदा दारूच्या गुत्त्याकडे वळतो. वरवर पाहता हे दोघे परस्परविरुद्ध. वस्तुतः दोघांचा अपराध एकच. दोघांनीही आपले नागरिकत्व दुसऱ्याच्या स्वाधीन केले आहे!

पहिल्यास आम्ही बजावतो : दिनांक २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना पूज्य बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेचा शेवट अधोगतीत व हुकूमशाहीत होतो, असा इशारा दिला होता. तो इशारा केवळ विरोधकांच्या पुढाऱ्यांसाठी होता काय? आपल्या पुढाऱ्यास जो प्रश्न विचारीत नाही, तो त्याचा पाठीराखा नव्हे, आंधळा भक्त होय.

दुसऱ्याने बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचावे. घटनेच्या या शिल्पकारास १९५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत पराभव पत्करावा लागला, आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा तोच अनुभव आला. देह मधुमेहाने पोखरलेला होता. तरी त्यांनी काय केले? १९५२ सालीच ते राज्यसभेत गेले. १९५४ साली तेथे अस्पृश्यता गुन्हा विधेयकावर बोलले. १९५५ साली भाषावार राज्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी माणसांना नवा मार्ग दाखविला. यांतील एकही कार्य मतमोजणीच्या निकालावर अवलंबून नव्हते.

'आम्ही सामान्य माणसे काय करणार?' असे कोणी विचारील. बंधुभगिनींनो, कायद्याने तुमच्या हाती पुष्कळ दिले आहे. ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार सभासद असतो. तेथे बोलण्यासाठी कोणाच्या तिकिटाची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाची असते. ती आमच्या वस्तीत कोठे खर्च झाली, हे कधी विचारले काय? सरपंच उत्तर टाळीत असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणे हे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. न दिल्यास अपील करा. घरातील मुलगी १८ वर्षांची झाली असेल तर नमुना ६ भरून तिचे नाव आजच यादीत नोंदवा. मतदानाच्या दिवशी 'नाव नाही' म्हणून आक्रोश करण्यात काय हशील?

अर्थात, या कामास धडधाकट देह व शांत चित्त लागते. प्रकृतीची काळजी घेणे ही चैन आहे, असे समजणाऱ्यांची आम्हांस कीव येते. वेळेवर झोपा, वेळेवर जेवा, रात्री मोबाईल दूर ठेवा. व्यसनास उंबरठ्याबाहेर रोखा. ज्या भावाने दुसऱ्या चिन्हावर बटण दाबले त्याच्याशी बोला, कारण वस्तीच्या पाण्याचा नळ दोघांचाही आहे. दुःख फारच असह्य झाले तर एकट्याने कुढू नका. आप्तांना सांगा, डॉक्टरांकडे जा. त्यात लाज कसली?

खचलेला, आजारी, आपसांत भांडणारा समाज सत्ताधाऱ्यांस फार सोयीचा असतो. मग ते सत्ताधारी कोणत्याही पक्षाचे असोत. ही सोय आम्ही त्यांना का करून द्यावी? मत देण्यास एक दिवस पुरतो, हिशेब मागण्यास पाच वर्षे लागतात. तेव्हा पुढील ग्रामसभेची तारीख विचारून घ्या, आणि एकटे नव्हे, सारे कुटुंब घेऊन तेथे जा!