यादी आधी, सवलत नंतर

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार लांबलांबच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. त्याच दिवशी भरणाऱ्या भाजीबाजाराचं नाव एवढं होत नाही, पण गावाची आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची आठवड्याची चूल त्याच्यावर चालते. सकाळी मेथी-कोथिंबिरीची पहिली जुडी सुटते तेव्हाचा भाव वेगळा आणि दिवेलागणीला, शेतकऱ्याला घरी धार काढायला पोचायची घाई झालेली असते, तेव्हाचा वेगळा. वांग्या-टोमॅटोचे वाटे लागतात, दोन वाट्यांच्या पैशात तिसरा पदरात पडतो. बाया पिशव्या भरभरून घरी येतात.

त्यातली निम्मी भाजी मंगळवार-बुधवारपर्यंत पिवळी पडते आणि गाईपुढे जाते. शहरात भाजी कचऱ्यात गेली की माणसाला चुटपुट लागते. आमच्याकडे दावणीला जनावर असतं, त्यामुळे काही वाया गेलं असं वाटतच नाही. पण माणसाच्या भावानं घेतलेली मेथी वैरण म्हणून घालणं हा तोटाच आहे, आणि तो दर आठवड्याला होत असतो. स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं आणि स्वस्त पडलेलं, या दोन गोष्टी एक नाहीत. घरखर्चात बचत कुठून करायची, असं कोणी विचारलं की म्हणूनच मी भावापाशी जात नाही. येत्या आठवड्यात घरात काय शिजणार आहे हे ठरलंय का, एवढं आधी विचारते.

पैसा कुठं जातो ते आकड्यांतही दिसतं. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातलं कुटुंब आपल्या खर्चातले सुमारे 47 टक्के खाण्यापिण्यावर घालतं. त्यातही तयार खाद्यपदार्थ, प्रक्रिया केलेला माल आणि पेयं यांच्यावरचा खर्च हा धान्यावरच्या खर्चाच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणजे ज्वारी-गव्हानं घर बुडत नाही. बिस्किटांचे पुडे, वेफर्स, थंड बाटल्या आणि चौकातून बांधून आणलेली भजी-वडापाव यांत पैसा झिरपून जातो. आणि हा माल घरात येतो कधी? संध्याकाळी सहा वाजता, पोरं भुकेजलेली असतात, बाई रानातून नुकतीच आलेली असते आणि ‘आज काय करायचं’ हे कोणीच ठरवलेलं नसतं तेव्हा. घरखर्चातली सगळ्यात महागडी वेळ हीच.

आमच्या भागात हे ठरवण्याची पद्धत होती. तिला बेगमी म्हणायचे. जे ज्या महिन्यात निघतं ते त्या महिन्यात घ्यायचं, वाळवायचं, निवडायचं आणि वर्षाला पुरवायचं, हा तिचा साधा नेम. तूर निघाली की डाळ करून ठेवायची. रब्बीची ज्वारी खळ्यावरून आली की कडुनिंबाचा पाला घालून कोठी भरायची. मार्च-एप्रिलात गहू, मिरच्या, वर्षाचं तिखट. उन्हाळी कांदा टिकतो म्हणून तो चाळीत, खरिपाचा लाल कांदा टिकत नाही म्हणून तो लागेल तसा. कुरडया, शेवया, सांडगे उन्हात. आमच्या श्रीगोंदा तालुक्यात लिंबाच्या बागा भरपूर. त्याच लिंबाला उन्हाळ्यात भाव हात लावू देत नाही आणि पावसाळ्यात आवक वाढली की त्याचा भाव पडतो. तेव्हा लोणचं घालायचं श्रावणाच्या आसपास. ही सगळी दिनदर्शिका आमच्या आत्याबाईंच्या डोक्यात असायची. कागदाचा कपटा कधी लागला नाही.

त्या बेगमीतली एक वस्तू मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे येसूर. नगरकडच्या घरात हा डबा असतोच. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ मंद आचेवर वेगवेगळी खमंग भाजायची, धणे, खोबरं, तिखट, मसाल्याचं सामान परतून घ्यायचं आणि सगळं एकत्र दळून आणायचं. गिरणीतून घरी येईपर्यंत वास अख्ख्या आळीला कळतो. मग अवेळी पाव्हणे आले किंवा उसाच्या कामावरून यायला रात्र झाली तरी काळजी नाही. दोन-तीन चमचे येसूर पाण्यात कालवायचं, लसणाची फोडणी करायची, त्यात ते ओतून ढवळत उकळी आणायची. भाकरी तव्यावर फुगेपर्यंत आमटी तयार. मसाल्याच्या पाकिटाला आणि ‘झटपट’ नावाच्या साऱ्या मालाला आमच्या जुन्या बायांनी दिलेलं हे उत्तर आहे. उन्हाळ्यातली एक दुपार खर्चली की वर्षभरातल्या कितीतरी संध्याकाळी सोप्या होतात.

आता दिवस बदलले हे खरं. घोड आणि कुकडीच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, ज्वारीचं रान कमी झालं, खूप घरांत धान्य विकतच आणावं लागतं. पण हिशेब मांडायला अडचण नाही. मोठ्या माणसाला महिन्याला साधारण नऊ-दहा किलो धान्य धरलं, तर पाच माणसांच्या घराला पंचेचाळीस-पन्नास किलो लागतं. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनच्या कुपनावर माणशी 5 किलो, म्हणजे पाच जणांना 25 किलो मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. अंत्योदयाच्या कार्डाला महिन्याला 35 किलो. म्हणजे ज्यांच्याकडे कुपन आहे त्यांना उरलेल्या निम्म्याचीच तजवीज करायची असते, आणि ती सुगीत एकदम केली तर भावात बराच फायदा होतो. एकदम पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण आमच्याकडे बहुतेकांचा दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. महिन्यातल्या तीनपैकी एक पगार ठरवून किराण्याला आणि धान्याला लावला, बाकीचे दोन पेंड-वैरण आणि इतर खर्चाला, तर उधारीची वही निम्म्यानं पातळ होते. बचत गटातल्या बाया मिळून नगरच्या डाळमंडईतून पोत्यानं डाळ आणतात आणि घरोघर वाटून घेतात, त्यांना तर किरकोळ भावाचं तोंडही बघावं लागत नाही.

कंट्रोलच्या कुपनाखेरीज आमच्या पट्ट्यात आणखी एक हक्काची सवलत आहे, सभासदांना कमी दरात मिळणारी साखर. सहकारी साखर कारखान्यांची ही जुनी प्रथा आहे आणि दिवाळीचा फराळ कित्येक घरांत त्याच साखरेवर होतो. राज्य सरकारनंही 2022 च्या दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ काढला. रवा, हरभरा डाळ, साखर आणि तेल, चार जिन्नस मिळून 100 रुपयांत. अशा सवलतींना तारीख असते. साखर वाटपाची तारीख, धान्य आल्याची तारीख, केवायसीची मुदत हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असलं पाहिजे. अशी सवलत घेण्यात संकोच कसला? तो आपला वाटा आहे, आणि तो मुदतीत उचलणं हे घर चालवण्याचंच काम आहे.

कंपन्यांच्या कुपनांची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धात 1943 साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं ते थोडं धान्य सगळ्यांना पुरावं म्हणून. त्याच्या कितीतरी आधी, 1880 च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत कोका-कोलाच्या आसा कँडलर यांनी फुकट पेल्याची कुपनं वाटली होती. लोकांना त्या पेयाची चटक लागावी हा त्यांचा हेतू होता आणि तो साधला. आजही मोबाइलवर येणारी सूट, ‘दोनावर एक फुकट’, चहाच्या पुड्याबरोबर मिळणारी वाटी, या सगळ्यांचा हेतू तोच असतो. त्यांचा फायदा घेऊच नये असं मी म्हणत नाही. यादीत चहापत्ती असेल, आपण नेहमी आणतो तीच असेल आणि मुदत संपायच्या आत संपणार असेल, तर सवलत जरूर घ्यावी. यादीत नसलेली वस्तू निम्म्या किमतीत आणली, तर तो निम्मा खर्च नव्यानं झालेला असतो. दौंडच्या मोठ्या दुकानात जाताना ही एक कसोटी लक्षात ठेवली तरी पुरे.

दुसरी सवय पाकीट वाचायची. पूर्वी बिस्किटं, चहा, तेल असा काही माल ठरावीक वजनातच भरावा लागायचा. ते बंधन उठलं आणि पाकिटं किंमत तीच ठेवून हलकी होत गेली. त्याबदल्यात आता पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापणं सक्तीचं आहे. बारीक अक्षरातला तो भाव बघावा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. शेजारची तशीच दिसणारी पिशवी 850 किंवा 800 ग्रॅमची असेल, तर दहा रुपयांनी स्वस्त दिसूनही ती महाग असू शकते. डाळी-पिठाचंही तसंच. 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळ आणि पिठावर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी लागला. सुट्या मालावर तो नाही. बाजारातून सुटी डाळ घेऊन घरी निवडणाऱ्या बाईला हा फायदा आपसूक मिळतो.

आता आठवड्याचं. यादी करताना भाज्यांची नावं लिहू नयेत, भाजीचे प्रकार लिहावेत. दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या, दोन दिवस कडधान्य किंवा पीठ. मग पाल्यात मेथी घ्यायची की शेपू की चुका, हे बाजारातला भाव ठरवेल, आणि संध्याकाळच्या उतरलेल्या भावाचा फायदाही पुरेपूर घेता येईल. शनिवार-रविवारी पाला संपवायचा, कारण तोच आधी मान टाकतो. सोमवार ते बुधवार गवार, दोडका, वांगी, भोपळा. बुधवारी रात्री मटकी भिजत घातली की शुक्रवारी मोडाची उसळ. गुरुवारी हुलग्याच्या पिठाची शेंगोळी किंवा पिठलं. जी उरलेली मेथी बुधवारी गाईपुढे गेली असती, ती रविवारी रात्रीच निवडून, कोरडी करून, कापडात गुंडाळून ठेवली तर मंगळवारच्या थालीपिठात जाते. कुकरच्या एका डब्यात वरण, दुसऱ्यात भात आणि वरच्या डब्यात दुसऱ्या दिवशीचे बटाटे लावले, तर एका शिजवणीत दोन दिवसांचं काम होतं आणि 14.2 किलोची टाकी थोडे दिवस जास्त जाते.

इथवर पैशाचं झालं. वेळेचं बोलायचं तर आधी तो कोणाचा वेळ, ते बोलायला हवं. देशभरात 2024 साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी 289 मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात गेल्याचं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटं. त्या 289 मिनिटांतही आणखी एक काम मोजलेलं नसतं. डबा काय, रात्रीला काय, तेल किती उरलं, शेंगदाणे संपत आले, हे दिवसभर डोक्यात घोळत राहणं. धार काढताना, खुरपताना, एसटीची वाट बघताना बाई हाच हिशेब करत असते. याची मजुरी नाही आणि सुट्टीही नाही.

म्हणून यादी कागदावर यायला हवी आणि ती सगळ्यांनी मिळून करायला हवी. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की ताटं उचलायच्या आधी दहा मिनिटं बसावं. म्हातारीनं कोणत्या महिन्यात काय स्वस्त ते सांगावं, पोरांनी आपल्या डब्याचं सांगावं, कारभाऱ्यानं डबे उघडून काय किती उरलंय ते स्वतः बघावं. कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला लावावा. आज कोणतं कालवण हे तिथं लिहिलेलं असलं, तर बाई रानातून यायच्या आत भाजी निवडून, डाळ धुऊन कुकर लावायला घरातल्या कोणाचीही हरकत नसावी. विचारायची गरज उरत नाही आणि ‘मला काय माहीत’ असं म्हणायची सोयही उरत नाही.

नियोजनानं वाचलेला पैसा घराचा होतो हे सगळ्यांना मान्य असतं. वाचलेल्या वेळाचं मात्र लगेच दुसरं काम होतं. अर्धा तास मोकळा दिसला की गोठ्यातलं, नाहीतर धुण्याचं काम पुढे येतं. ज्या घरात यादी सुरू होईल त्या घरानं एवढं पाळावं, की या आखणीतून जो वेळ सुटेल तो आधी तिचा. ती त्यात बचत गटाच्या बैठकीला जाईल, माहेरी फोन करेल, नुसती पाठ टेकवील. तिनं तो कसा घालवला याचा हिशेब तिला कोणी मागू नये.