अंगावर सारखं पित्त उठतंय? दोष ताटातलाच असेल असं नाही

संध्याकाळ झाली की अंगाला खाज सुटते, बघता बघता लालसर गांधी उठतात आणि सकाळपर्यंत नाहीशा होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग घरात चौकशी सुरू होते, ‘काल काय खाल्लंस?’ आधी वांगं बंद होतं, मग दही, शेंगदाणे, अंडी. आमसुलाचं पाणीही लावून होतं. तुमचं ताट रिकामं होत जातं, गांधी मात्र थांबत नाहीत.

आपण या त्रासाला ‘पित्त उठणं’ म्हणतो, म्हणून सगळा संशय पोटावर जातो. खरं तर त्वचेतल्या मास्ट सेल नावाच्या पेशींमधून हिस्टामिन बाहेर पडतं आणि त्यामुळे गांधी येतात. हा त्रास ६ आठवड्यांहून जास्त काळ, जवळपास रोज होत असेल तर त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात. त्यामागे खाण्याची अ‍ॅलर्जी क्वचितच असते. अनेकांच्या बाबतीत शरीराची रोगप्रतिकारशक्तीच अँटिबॉडी तयार करून या पेशींना डिवचत असते.

चाचणी कशी करतात?

हे ओळखायला मदत करणारी एक साधी चाचणी म्हणजे ऑटोलोगस सिरम स्किन टेस्ट. तुमचंच थोडं रक्त काढून त्यातलं सिरम वेगळं करतात. त्याचा अगदी छोटा थेंब, साधारण ०.०५ मिली, बारीक सुईने हाताच्या त्वचेत टोचतात. तुलनेसाठी शेजारी सलाइन आणि हिस्टामिनही टोचतात. ३० मिनिटांनी सिरमच्या जागची गांध लाल असेल आणि सलाइनच्या जागेपेक्षा किमान १.५ मिमी मोठी असेल, तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात.

अ‍ॅलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर निकाल चुकू शकतो. त्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे डॉक्टरांनाच विचारा.

रिपोर्ट कसा वाचाल?

पॉझिटिव्ह आला तर घाबरू नका. तुमच्या रक्तातलंच काहीतरी त्वचेला चिथावतंय, एवढंच त्यातून कळतं. ऑटोइम्यून कारणाचा हा पक्का पुरावा नाही. डॉक्टर थायरॉइडची तपासणी सुचवू शकतात, कारण हे दोन त्रास पुष्कळदा सोबत आढळतात. निगेटिव्ह आला तरी तुमची खाज खोटी ठरत नाही.

ही चाचणी प्रत्येकालाच लागते असंही नाही. निकाल काहीही आला तरी उपचाराची सुरुवात झोप न आणणाऱ्या अँटीहिस्टामिन गोळ्यांनीच होते. गरज पडल्यास डॉक्टर डोस वाढवतात किंवा ओमालिझुमॅबचं इंजेक्शन सुचवतात. स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका.

हे दुर्लक्षू नका

* ओठ, जीभ सुजली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच हॉस्पिटल गाठा.
* एकच गांध २४ तासांहून जास्त टिकली, दुखली किंवा काळसर डाग ठेवून गेली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिचं कारण वेगळं असू शकतं.

महिनोन्‌महिने पथ्य पाळूनही गांधी येतच असतील, तर आणखी एक पदार्थ सोडण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. गांधी दिसतील तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या नेमक्या गायब होतात. आणि घरात कोणी पुन्हा ‘काय खाल्लंस?’ विचारलं, तर हा लेख त्यांनाही वाचायला द्या.