शिलेदाराचा ताळेबंद

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या गूळबाजारात मुहूर्ताचे सौदे निघतात. मागल्या वर्षी किती आले, किती गेले आणि कुणाकडे किती अडकले, हे अडत्याला तोंडपाठ असते. त्याच गुळाच्या खोक्यावरचे चित्र, त्याच पेढीचे बोधचिन्ह आणि त्याच घरातली लग्नपत्रिका करून देणाऱ्या माणसाची वही मात्र बहुधा कोरी असते. एकट्याच्या बळावर डिझाइनचा व्यवसाय करणाऱ्या या माणसाने वर्षअखेरीस स्वतःचा हिशेब कसा मांडावा, याविषयी आम्हाला काही म्हणायचे आहे.

निमित्त असे घडले की, बारावीपर्यंत आमच्याकडे मराठी शिकून पुढे उपयोजित कलेकडे गेलेल्या एका विद्यार्थिनीने, नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केल्याला वर्ष झाले म्हणून एक आढावा लिहिला आणि शुद्धलेखन पाहण्यासाठी आमच्याकडे पाठवला. आढावा नेटका होता. केलेल्या कामांची यादी, नवे ग्राहक, नव्याने आत्मसात केलेली सॉफ्टवेअरे, शेवटी आईवडिलांचे आणि मित्रांचे आभार. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका फारशा निघाल्या नाहीत. खटकले ते जे त्यात लिहिलेच नव्हते ते. वर्षभरातला किती वेळ बिनमोल गेला? किती पैसे अजून यायचे आहेत? आणि केलेले काम आज कुणाच्या मालकीचे आहे? आमच्या मते खरा आढावा या तीन प्रश्नांचाच असतो. बाकी सगळी प्रस्तावना.

‘फ्रीलान्स’ हा शब्द आपण इंग्रजीतून जसाच्या तसा उचलला. सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीत तो भाडोत्री भालाइतांसाठी येतो. आपल्याला मात्र स्कॉटच्या दारी जाण्याचे कारण नव्हते. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे; शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचा रुबाब मोठा. पण घोड्याचा दाणावैरणही त्याचाच आणि घोडा पडला तर तोटाही त्याचाच. आजचा स्वतंत्र डिझायनर हा नेमका शिलेदार आहे. संगणक त्याचा, सॉफ्टवेअरची वर्गणी त्याची, वीजबिल त्याचे, आजारपणातले बुडालेले दिवसही त्याचेच. असे असून मोबदला मागताना तो बारगिराचा मागतो, म्हणजे फक्त स्वारीचा. वैरणीचा खर्च त्यात धरलेलाच नसतो.

थोडे गणित करून पाहू. समजा, एका बोधचिन्हाचे ६,००० रुपये ठरले. पहिली भेट, तीन नमुने, ‘रंग जरा उठावदार करा’, ‘आमच्या काकांना दुसरं आवडलं’, पाच दुरुस्त्या आणि शेवटी छापखान्याला हव्या त्या मापाच्या फाइली, असे करत ४० तास गेले. ताशी १५० रुपये पडले. आता समजा, तो महिन्याला २०० तास राबतो. पण त्यातले ८० तास फोन, दरपत्रके आणि उधारीचा पाठपुरावा यांत जातात. विकता येतात ते १२० तास. व्यवसायाचा खर्च १५,००० आणि घरी न्यायचे ३३,००० धरले, तर ४८,००० रुपये या १२० तासांतूनच उभे राहायला हवेत; म्हणजे ताशी ४००. त्या हिशेबाने ६,०००चे बोधचिन्ह वास्तविक १६,०००चे होते. मधले १०,००० कुणी भरले? ते डिझायनरनेच भरले, आपल्या झोपेतून आणि आपल्या रविवारांतून. यादीत मात्र ते ‘पूर्ण झालेले काम’ म्हणून अभिमानाने नोंदले गेले.

दुसरा प्रश्न उधारीचा. आमच्या शहरात पैसे बुडवणारे थोडे. पुढे ढकलणारे फार. ‘घरचंच काम आहे, देऊ की’ या वाक्यात लबाडी नसते, एक जुनी व्यवस्था बोलत असते. गावगाड्यात बलुतेदाराला कामागणिक दाम मिळत नसे. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता आणि तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण निदान खळ्यावरचा वाटा ठरलेला होता. आता घरोबा बलुत्याचा राहिला आहे आणि वाटा गेला आहे. लग्नसराई, गणपती, नवरात्र असे हंगाम येतात, कामांची झुंबड उडते. सुगी मात्र कुणाच्याच पंचांगात नसते.

कायदा इथे पूर्ण गप्प नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६च्या कायद्यानुसार, नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाचे पैसे कराराने ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. रोज रस्त्यात भेटणाऱ्या माणसावर कुणी हे शस्त्र उपसणार नाही, हे आम्हीही जाणतो. परंतु बिलाच्या तळाशी या तरतुदीची एक ओळ छापायला भांडण लागत नाही. सभ्यपणे लिहिलेली अट ही पुढे होणाऱ्या कटुतेपेक्षा केव्हाही बरी.

तिसरा प्रश्न मालकीचा, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा आमचे शहर पेटून उठले. ते योग्यच होते. या चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले होते आणि ओरड झाल्यावर कंपनीलाही भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. परंतु ज्या शहराला मिलानमधली उचलेगिरी दिसते, त्याला आपल्या गल्लीतली का दिसू नये? एकाने काढलेले बोधचिन्ह दुसऱ्या फ्लेक्सवाल्याकडे जाते, तिथे त्याचे रंग बदलतात, मग ते तिसऱ्याच्या पिशवीवर छापले जाते; मूळ आखणाऱ्याचे नाव कुठेच नसते आणि नसल्याचे कुणाला काही वाटतही नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते. वर्षभरात केलेल्या किती कामांमागे असा एक कागद आहे, हे आढाव्यात यायला हवे.

या प्रश्नाला आमच्या शहरात इतिहासही आहे. बाबूराव पेंटर यांनी आनंदरावांच्या जोडीने नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले, पुढे कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली आणि आपल्या चित्रपटांची जाहिरातचित्रेही रंगवली. कंपनी मात्र इतरांच्या भांडवलावर उभी होती. अखेर आपणच उभारलेल्या संस्थेतून ते बाहेर पडले आणि पुन्हा कुंचल्याकडे व शिल्पाकडे वळले. शहराने त्यांना ‘कलामहर्षी’ म्हटले. महर्षीला दाम विचारायचे नसते, ही सोय त्या पदवीत आपोआप झाली. उलट मुंबईत दीनानाथ दलालांनी १९४५मध्ये ‘दीपावली’ हे स्वतःचे प्रकाशन सुरू केले. ज्या अंकाचे मुखपृष्ठ ते रंगवत तो अंकही त्यांचाच होता. दोघांच्या प्रतिभेची तुलना इथे अप्रस्तुत आहे. मालकीचा कागद कुणाच्या हाती, एवढाच मुद्दा.

यावर आक्षेप येईल की, शहर लहान, ग्राहकही बेताच्या ऐपतीचा. शिवाय आता यंत्राला चार शब्द सांगितले की क्षणात चित्र मिळते. अशा वेळी दर आणि अटी मागणारा उपाशी राहील. या आक्षेपात तथ्य आहे. उद्यमनगरातल्या छोट्या कारखानदाराचेही पैसे वरचा अडवतो, हे आम्ही पाहतो. पण चित्र फुकट मिळू लागले म्हणूनच हिशेब अधिक निकडीचा झाला आहे. यंत्र शंभर नमुने देईल. त्यातला कोणता या पेढीला शोभेल, देवनागरीतले जोडाक्षर कुठे तुटले आहे आणि छपाईत कोणता रंग मरेल, हे सांगणारी नजर ते देत नाही. विकायची ती नजर. आणि जिचा वेळ मोजलेला नाही, तिचा दरही सांगता येत नाही. ऐपत नसलेल्याला सवलत अवश्य द्यावी. पण बिलावर पूर्ण रक्कम लिहून, तीतून वजा करून. मग तिला सवलत म्हणता येते. एरवी ती केवळ किंमत होऊन बसते.

पदवीच्या व्यावहारिक मराठीत अर्ज, निमंत्रणे आणि इतिवृत्त शिकवले जाते. त्यात दरपत्रक, साधे करारपत्र आणि उधारीचे सभ्य स्मरणपत्र या तिन्हींची भर पडावी, अशी आमची सूचना आहे. कलामहाविद्यालयांनीही रंगसंगतीच्या जोडीला एक तास यासाठी काढावा. आमच्या विद्यार्थिनीला आम्ही आढावा शुद्ध करून परत पाठवला आणि खाली तीन रिकामे रकाने आखून दिले: न मोजलेले तास, न आलेले पैसे, न लिहिलेले कागद. पुढल्या वर्षी कामांची यादी एखादे पान कमी भरली तरी चालेल. हे तीन रकाने भरलेले असावेत.