रोही मारायला कायद्यात वाट आहे, मग शेतात करंटची तार का?

रावेर-यावलपासून शिरपूर-साक्रीपर्यंत कुठल्याही पारावर बसा, एक प्रश्न हमखास निघतो. रोह्याचा कळप दादर लोळवून जातो, रानडुकरं मका आडवा करतात, आणि आपण काठी उगारली तरी वनखातं केस करतं. हा कसला कायदा? या रागाचं खापर नेहमी दोन ठिकाणी फुटतं: एक वनखातं आणि दुसरे "ते दिल्ली-मुंबईचे प्राणीप्रेमी". प्राणीप्रेमींच्या दबावाने शिकारीचा कायदा कडक झाला, यात तथ्य आहे. पण कायद्याने शेतकऱ्याची वाट पूर्ण बंद केली, हे मात्र खरं नाही.

शिकारीचा सुकाळ ते शिकारबंदी

कायदा कडक का झाला, याचं उत्तर खान्देशातच आहे. १८२५ मध्ये इंग्रजांनी इथे भिल्ल पलटण उभी केली. तिचं ठाणं धरणगावला होतं आणि तिचा प्रमुख होता जेम्स औट्रम. दहाएक वर्षांत त्याच्या हजेरीत १९१ वाघ मारले गेल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. आज चाळीसगावहून कन्नडला जाताना आपण जो घाट चढतो, त्याला याच औट्रमचं नाव आहे. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं, त्याचंही नाव गौताळा औट्रमघाट. म्हणजे वन्यजीव वाचवायला केलेलं अभयारण्य एका शिकाऱ्याच्या नावाने ओळखलं जातं. तेव्हाचे वाघ मात्र गेले ते गेलेच.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही शिकार पूर्ण बंद नव्हती. लहान शिकार, मोठी शिकार असे परवाने मिळायचे. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याचं ते कलमच काढून टाकलं. पुढची दुरुस्ती २००३ मध्ये लागू झाली. बिबट्यासारखा प्राणी माणसाच्या जिवावर उठला तरी तो पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही किंवा दुसरीकडे हलवता येत नाही, याची खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येणार नाही, अशी अट त्यात आली. प्राणीहक्कवाले जे वर्षानुवर्षं मागत होते, तेच हे होतं: मारणं हा शेवटचा उपाय.

दया तिकडे, बिबटे इकडे

तत्त्व म्हणून हे चुकीचं नाही. पण पकडलेला बिबट्या न्यायचा कुठे? २००० नंतर जुन्नर भागात मोठ्या संख्येने बिबटे पकडले गेले आणि त्यातले काही आपल्या यावल अभयारण्यात सोडले गेले. त्यानंतर यावलच्या बाजूला माणसांवर हल्ले झाले. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०११ मध्ये मांडलं, की बिबटे उचलून दुसरीकडे सोडल्याने हल्ले थांबत नाहीत, उलट नव्या जागी सुरू होतात. त्याच वर्षी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढून असं स्थलांतर टाळायला सांगितलं. तोवर जुन्नरचं दुखणं यावलच्या माथी बसलं होतं. "मारू नका, हलवा" म्हणणं सोपं असतं. हलवलेला प्राणी कुणाच्या बांधावर उतरतो, हे विचारायला यावलचा माणूस त्या चर्चेत नव्हताच.

चाळीसगाव तालुका हे २०१७ मध्ये भोगून बसला. नोव्हेंबर-डिसेंबरात वरखेडे आणि गिरणा परिसरात बिबट्याने लागोपाठ माणसं मारली. तेव्हाचे जलसंपदा मंत्री गिरीश महाजन हातात पिस्तूल घेऊन बिबट्यामागे निघाल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. पण बिबट्या पिस्तुलाने मेला नाही. मारण्याचा आदेश निघाला, हैदराबादचे नेमबाज नवाब शफात अली खान आले आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मादी बिबट्याला गोळी घातली गेली. कायद्यात वाट होती, पण तोवर बळी वाढत गेले.

पुढच्याच वर्षी यवतमाळात अवनी वाघिणीचं प्रकरण झालं. सर्वोच्च न्यायालयाने आदेशात हस्तक्षेप केला नव्हता, तरी २ नोव्हेंबर २०१८ ला ती मारली गेल्यावर मेनका गांधींनी आपल्याच पक्षाच्या राज्य सरकारवर तोफ डागली आणि चौकश्या लागल्या. असं झालं की कुठला अधिकारी पुढच्या आदेशावर झटपट सही करेल? दबाव असाही काम करतो. कायद्याचं एक अक्षर न बदलता सही लांबते.

रोही, रानडुकराचं कलम वेगळं

आता पिकाचं. बिबट्या आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत. रोही आणि रानडुक्कर त्यात नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम ११ सांगतं, की असा प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. उभं पीक हे शब्द कायद्यातच आहेत. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मेला तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे. मात्र मेलेला प्राणी सरकारजमा होतो. विनापरवाना मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग परवानगी असून उपयोग का होत नाही? कारण कागद मिळाला तरी बंदूक कुठे आहे? पीक संरक्षणाचा बंदूक परवाना किती जणांकडे आहे, हे आपल्या गावात मोजून बघा. ज्यांच्याकडे आहे त्यांचीही निवडणूक आली की ठाण्यात जमा होते. म्हणून माणूस सोपा, स्वस्त आणि सगळ्यात वाईट मार्ग धरतो: कुंपणाच्या तारेत करंट. त्यात रोही मरतो, बिबट्या मरतो आणि रात्री पाणी भरायला गेलेला शेजारी किंवा सालदारही मरतो. तेव्हा वन्यजीव कायदा बाजूला राहतो आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. प्राणी वाचवायला केलेल्या कायद्याखाली प्राणी असे तडफडून मरावेत, हे प्राणीप्रेमींनाही परवडणारं नाही.

दुसऱ्यांनी काय केलं

२०१५-१६ मध्ये बिहारने रोही आणि रानडुकरांसाठी, उत्तराखंडने रानडुकरांसाठी, हिमाचलने माकडांसाठी केंद्राकडून ठरावीक भाग आणि ठरावीक मुदतीपुरती "उपद्रवी" अशी अधिसूचना आणली. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात दोनशेहून जास्त रोही मारले गेले, तेव्हा पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि मेनका गांधी ही एकाच मंत्रिमंडळातली माणसं जाहीरपणे भांडली. प्राणीप्रेमी सर्वोच्च न्यायालयात गेले, पण स्थगिती मिळाली नाही. हिमाचलात उलटं झालं. परवानगी होती, पण माकडावर हात उचलायला लोकच तयार होईनात. केरळने २०२२ मध्ये वेगळी वाट काढली: रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार थेट स्थानिक पंचायतीच्या प्रमुखाला दिला.

यातून खान्देशाने घ्यायचं ते एवढंच, की केंद्र असो की कोर्ट, तिथे आकडे आणि कागद बोलतो. बैलगाडा शर्यतीचंच बघा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. गाडामालक संघटित झाले, राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो मान्य केला. रोह्याने उभं पीक खाल्लेला शेतकरी मात्र नुकसानीनंतर दोन दिवस चिडतो, भरपाई थोडी म्हणून अर्जच करत नाही आणि सरकारदरबारी त्याचं नुकसान शून्य दिसतं.

म्हणून प्रत्येक नुकसानीचा अर्ज आणि पंचनामा झालाच पाहिजे, मग भरपाई कितीही तुटपुंजी असो. ग्रामसभेने गट नंबरासह ठराव करून कलम ११ खाली वनक्षेत्रपालांमार्फत परवानगी मागावी. आमदारांकडे मागायचंच असेल तर केरळसारखा पंचायतीचा अधिकार आणि गोळी घालायला खात्याचा प्रशिक्षित माणूस मागा. प्राणीप्रेमींकडे वकील आहेत. आपल्याकडे निदान पंचनाम्यांचा गठ्ठा तरी असावा. आणि तारेतला करंट आज रात्रीच काढा.