कांदळवनाचे राखणदार कोण?

खाडीकाठच्या अनेक गावांत ‘कांदळवन तोडणे गुन्हा आहे’ अशा आशयाचा फलक उभा असतो. शासनाचा लोकांशी संवाद बहुधा तेथेच सुरू होतो आणि तेथेच संपतो.

कायदा नको, असे आमचे म्हणणे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाच्या तोडीला मनाई केली; २०१२ साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला; २०१८ च्या निकालाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरील घाला ठरविला. हे सारे आवश्यकच होते. प्रश्न एवढाच की, ज्यांच्या दारात हे वन उभे आहे, त्यांना या साऱ्यात स्थान कोणते?

रायगडचा खारेपाट पाहा. पिढ्यानुपिढ्या शेतकऱ्यांनी सामुदायिक श्रमाने बांध घालून समुद्रापासून भातशेती राखली. पुढे बांधांची निगा सुटली, खांडी पडल्या, खारे पाणी शेतात शिरले आणि मागोमाग तिवरे उगवली. आता त्याच शेतकऱ्याला बजावले जाते की, झाडाला हात लावशील तर खटला भरू. पीक गेले, जमीन असून नसल्यासारखी झाली. मग त्याला तिवर शत्रू वाटले तर दोष कोणाचा? वस्तुतः बांधाबाहेरची तिवरे लाटांचा मारा सोसून तोच बांध राखतात आणि त्यांच्या मुळांच्या आसऱ्याने कोळंबी, खेकडे वाढतात. बाहेरचे वन राखणे आणि आतल्या शेताला न्याय देणे यांत विरोध नाही. पण हे उमजण्यासाठी अधिकाऱ्याने बांधावर बसून ऐकले पाहिजे.

पुनर्लागवडीचेही तेच. फिलिपीन्समध्ये सतत भरतीखाली बुडणाऱ्या चिखलात लावलेली असंख्य रोपे मेली. भरतीच्या पाण्याची अडलेली वाट मोकळी केली, तर वाहत येणारे बी पुष्कळ ठिकाणी आपोआप रुजते. कोणता चिखल किती वेळ बुडतो, हे खाडीत जन्म काढणाऱ्या कोळ्याला ठाऊक असते. त्याला विचारतो कोण?

विचारले की काय घडते, हे वेंगुर्ल्याने दाखविले आहे. मांडवी खाडीत २०१७ साली बचत गटाच्या स्त्रियांनी होड्या वल्हवीत पर्यटकांना कांदळवन दाखविण्यास आरंभ केला. वन राखण्यात पोटाचा प्रश्न गुंतला, तेव्हा पहारेकऱ्याची गरज उरली नाही.

सहभाग म्हणजे रोपे लावण्यापुरते फुकटचे श्रमदान नव्हे. नकाशे मराठीत ग्रामसभेपुढे आले पाहिजेत, हरकती नोंदल्या पाहिजेत, बुडालेल्या शेतीचा मोबदला ठरला पाहिजे. सरपणाची फांदी तोडणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवायचे आणि बुलेट ट्रेनसाठी २०२२ साली वीस हजारांहून अधिक झाडे तोडण्यास परवानगी मिळायची, हे पाहणाऱ्या गावकऱ्याने कोणत्या फलकावर विश्वास ठेवावा? त्याचा विश्वास मिळवायचा असेल, तर आधी त्याला निर्णयाचा अधिकार द्यावा लागेल.