धनी बदलला, निष्ठा कोणाशी?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा धनी बदलतो, चाल बदलत नाही. आणि पारखी माणूस चालच पाहतो. मोटारशर्यतींच्या चाहत्यांनीही हाच न्याय लावावयास हवा.

विजय मल्ल्या यांनी भागीदारासह २००७ साली स्पायकर हा लहान संघ घेतला. २००८ पासून तो ‘फोर्स इंडिया’ या नावाने फॉर्म्युला वनमध्ये उतरला. त्याच्यातर्फे एकही भारतीय चालक शर्यतीत धावला नाही. तरी नावामुळे तो आपला वाटला. २०१६ व २०१७ मधील चौथा क्रमांक मात्र इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या तंत्रज्ञांनी घडविला होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये हा कर्जबाजारी संघ लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाकडे गेला. जमेचे ५९ गुण रद्द झाले. तरी लगेचच्या बेल्जियम शर्यतीत त्याच मोटारी पाचव्या व सहाव्या आल्या. पुढे ‘इंडिया’ हे नावही गेले. २०२१ पासून संघ ‘ॲस्टन मार्टिन’ झाला.

आता तो परका मानावा काय? संचालक मंडळ बदलले म्हणून शाळा परकी होत नाही. ती शिकविणाऱ्यांची असते. पाटीवरील नावाशी जडलेली निष्ठा पाटीबरोबरच उतरते. कष्टांशी जडलेली मात्र धनी बदलला तरी टिकते.