फुप्फुसांचा मोर्चा निघत नाही

६ ऑगस्ट २०२५. कबुतरांना दाणे टाकणे थांबावे म्हणून महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर घातलेली ताडपत्री आंदोलकांनी भरदिवसा फाडली, बांबू मोडले. पुढे असलेल्यांत जैन समाजातल्या बायका बऱ्याच होत्या. आठवड्याभरात, १३ ऑगस्टला, त्याच जागी मराठी एकीकरण समितीचे कार्यकर्ते कबुतरखाना बंदच ठेवा, ही उलट मागणी घेऊन जमले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. दादरला खरेदीला येणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या जिथे "कबुतरखान्यापाशी भेटू" म्हणत आली, तिथे आता शहराची भाषा, धर्म आणि मते एकमेकांना भिडली होती. या गदारोळात खोकणाऱ्या माणसाचा आवाज मात्र कुठे ऐकू आला नाही.

वाद पेटला ३ जुलैला. विधान परिषदेत मनीषा कायंदे यांनी पारव्यांच्या विष्ठेने होणाऱ्या श्वसनविकारांचा प्रश्न मांडला आणि मंत्री उदय सामंत यांनी मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे जाहीर केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने लोकांच्या आरोग्याला अग्रक्रम दिला, बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयानेही ११ ऑगस्टला हस्तक्षेप नाकारला. तोवर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, कबुतरखाने एकाएकी बंद करणे योग्य नाही, असे सांगून टाकले होते. म्हणजे विधान परिषदेत एक सूर, बाहेर दुसरा, आणि महापालिका ताडपत्री धरून मध्ये उभी.

मुंबईला हे भांडण नवे नाही. कंपनी सरकारच्या काळात पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने भटकी कुत्री मारण्याची मोहीम निघाली. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते, त्यामुळे मारेकरी घरांच्या ओट्यापर्यंत येऊ लागले. जून १८३२ मध्ये कोटातल्या पारशांनी उठाव केला, हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात सामील झाले. बाजार बंद पडला, गोऱ्या पलटणीची रसद अडली, सैन्य बोलवावे लागले. त्या दंग्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. कुत्री मारायची नाहीत, पण रस्त्यावर सोडायचीही नाहीत, अशी ती तडजोड होती. तिचा खर्च व्यापाऱ्यांनी उचलला, मालाच्या व्यवहारावर उपकर बसवून. त्यांच्या जीवदयेला हिशेबाची वही होती. दादरच्या पारव्यांच्या दाण्याचा खर्च दाता देतो, विष्ठा झाडण्याचा खर्च महापालिका आणि औषधाचा खर्च शेजारचा दम्याचा रुग्ण. हा हिशेब कुणी मांडत नाही.

नियम मोडीत काढणाऱ्यांना संघटना असते आणि रोग्यांना नसते, हे जगभर दिसते. अमेरिकेत हरणे पाळण्याचा मोठा धंदा आहे. तिथे हरणांना 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' होतो. मेंदू पोखरणाऱ्या या आजारावर औषध नाही. १९६७ साली तो कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला. टेक्सासमधल्या मेदिना काउंटीत २०१५ मध्ये एका पालनकेंद्रातल्या हरणात सापडला तेव्हा तपासणी आणि वाहतुकीचे नियम कडक झाले. पालक कोर्टात गेले: कुंपणातली हरणे आमची की सरकारची? कोर्टाने ती सार्वजनिक ठरवली, तरी धंद्याचे वजन कमी झाले नाही. तिकडच्या पालकांचे निदान पोट तरी त्यावर चालते. दादरला दाणे टाकणाऱ्यांचा सवाल श्रद्धेचा आहे, म्हणून तो अधिक नाजूक, आणि राजकारण्यांना अधिक सोयीचा.

आता विज्ञान. पारव्याची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की काहींच्या फुप्फुसाला ॲलर्जीची सूज येते. डॉक्टर तिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. वेळेत ओळखली आणि माणूस पारव्यांपासून दूर झाला तर सुधारणा होते. उशीर झाला तर फुप्फुसात व्रण पडतात, ते भरून येत नाहीत. हा आजार दाणे टाकणाऱ्याच्या मुलालाही होऊ शकतो, हे दोन्ही मोर्च्यांत कुणी बोलले नाही. फुप्फुस मराठी किंवा गुजराती नसते. शहर उंच होत गेले तसे कठडे, एसीचे डबे आणि गच्च्या वाढल्या, पारव्यांना कड्याकपाऱ्यांहून सुखाची घरटी मिळाली. तयार दाण्याने त्यांची वीण वाढत गेली. प्लेगच्या वेळी परळला हाफकिनसारखी संशोधनसंस्था उभी करणाऱ्या या शहराला रोग आणि प्राणी यांचे नाते नव्याने शिकवायची गरज नसावी.

ऑक्टोबरमध्ये महापालिकेने वरळी जलाशय, अंधेरी, ऐरोली-मुलुंड नाका आणि गोराई इथे सकाळी ७ ते ९ दाणे टाकायला परवानगी दिली. तोडगा बरा आहे. निदान दादरसारख्या गर्दीच्या चौकातून तो पारवा बाहेर नेतो. तरीही ३ नोव्हेंबरला आझाद मैदानात जैन मुनींचे उपोषण सुरू झाले. त्याआधीच कबुतराचे चिन्ह मिरवणारा पक्षही जाहीर झाला होता.

१९३३ साली बांधलेला दादरचा कबुतरखाना वारसा वास्तू आहे, तो पाडण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे दाणे पडू नयेत, एवढेच पुरे. नियंत्रित जागांची सफाई आणि पाहणी दात्यांच्या संस्थांनी पांजरापोळासारखी पदरखर्चाने करावी. आणि महापालिकेने ताडपत्रीपेक्षा कागदावर भर द्यावा. केईएम, नायर आणि शीवच्या रुग्णालयांत पारव्यांमुळे फुप्फुसाचा आजार झालेले किती रुग्ण आले, कोणत्या वॉर्डातून आले, हे नावे वगळून दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावे. पहिला फलक दादरच्या जी-उत्तर वॉर्ड कार्यालयाबाहेर लावावा.